चेकडॅम, चेकनट, चेकबुक: सगळ्या ‘चेक’चं मूळ एकच

ओढ्यावरचा चेकडॅम, गॅरेजमधला चेकनट, हद्दीवरचा चेकनाका, बँकेत न वटलेला चेक, चेक्सचा शर्ट, पार्किंगमधल्या चेकर्ड टाइल्स. शिवाय ‘जरा चेक करून सांग’ हे दिवसभर कानावर पडणारं वाक्य. इतके सगळे चेक आपण सराईतपणे वापरतो, पण ते एकाच घरातले असतील असं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. पाणी अडवणं, पैसे देणं आणि कापडावरच्या चौकड्या यांचं आपसात काय नातं असणार?

नातं सख्खं आहे. हे सगळे शब्द बुद्धिबळाच्या पटावरच्या एका इशाऱ्यातून निघाले: शह! मराठीने तो जवळपास जसाच्या तसा ठेवला. इंग्रजीपर्यंत पोचताना त्याचं ‘चेक’ झालं. म्हणजे ‘शह देणे’मधला शह आणि चेकबुकातला चेक हा मुळात एकच शब्द.

‘शाह’चा ‘चेक’ होईपर्यंत

फारसीत शाह म्हणजे राजा. समोरच्याच्या राजावर मारा आला की ‘शाह’ असं म्हणून त्याला सावध करायचं, ही इराणी खेळाडूंची रीत. खेळ भारतातून गेला होता. आपला चतुरंग इराणात चतरंग झाला आणि 7व्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर अरबीत शतरंज झाला. चाली भारताच्या, पण राजाला हाक मारायचा शब्द इराणचा, अशी ही वाटणी.

‘शाह’ हा शब्द आणखी मागे नेला तर ओळखीचा होत जातो. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूचा (इ.स.पू. 520च्या आसपासचा) शिलालेख आहे. त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हणवतो, म्हणजे राजांचा राजा. शेवटचं ‘-आनाम्’ संस्कृतच्या ‘देवानाम्’मधलंच आहे, आणि ‘ख्शायथिय’ हा ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ यांच्या भावकीतला शब्द. पुढे झिजत झिजत याच बिरुदाचं शहेनशाह झालं. याच भावकीतला ‘क्षत्रप’ तर आपल्या अंगणात येऊन गेला: नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, लेख आजही वाचता येतात.

अरबांकडून खेळ स्पेन आणि सिसिलीमार्गे युरोपात शिरला. 10व्या शतकाच्या अखेरीस तो आल्प्सच्या पलीकडेही पोचलेला होता. इथून पुढे शब्दाची मोडतोड सुरू झाली, आणि तिची प्रत्येक पायरी दाखवता येते.

लॅटिनमध्ये ‘श’ नाही. म्हणून ‘श’चा ‘स्क’ झाला, शेवटचा ठसठशीत ‘ह’ युरोपी कानांना ‘क’ ऐकू आला, आणि लॅटिनचं नेहमीचं शेपूट लागून ‘स्काकुस’ तयार झालं. मग फ्रेंच. जुन्या फ्रेंचला ‘स्क’ने सुरू होणारा शब्द उच्चारायला जड जायचा, म्हणून ती पुढे ‘ए’ लावायची. स्कूलचं ‘इस्कूल’ करताना आपली बोली हेच करते. शिवाय लॅटिनमधला ‘का’ फ्रेंचमध्ये ‘च’ होत असे. दोन्ही बदल मिळून ‘एस्चेक’. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, तिथल्या दरबाराची भाषा फ्रेंच झाली, आणि इंग्रजांनी पुढचा ‘एस’ गिळून ‘चेक’ तेवढं ठेवलं. ‘एस्टेट’चं ‘स्टेट’ आणि ‘एस्पेशल’चं ‘स्पेशल’ याच सवयीने झालंय.

पुढे खुद्द फ्रेंचांचा ‘च’ मवाळ होऊन ‘श’ झाला, पण इंग्रजांनी शब्द त्याआधीच उचलला होता. त्यामुळे इंग्रजीत चेक आणि आजच्या फ्रेंचमध्ये एशेक. (‘चीफ’ आणि ‘शेफ’ हा एकच फ्रेंच शब्द दोन काळांत दोनदा उचलल्याचा असाच प्रकार.) गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये अनेकवचनी एशेक म्हणजे बुद्धिबळ, पण एकवचनी एशेक म्हणजे अपयश. सारखा शह बसतोय म्हणजे डाव फसतोय, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र.

खेळाचं इंग्रजी नावही इथूनच आलं. ‘एस्चेक’चं अनेकवचन ‘एस्चेस’, त्याचं डोकं उडवून ‘चेस’. थोडक्यात, चेस म्हणजे ‘पुष्कळसे चेक’. स्पेन आणि पोर्तुगालने मात्र राजाचं नाव न घेता खेळाचंच अरबी नाव उचललं. पोर्तुगीजमध्ये बुद्धिबळाला शाद्रेश म्हणतात आणि तो थेट शतरंजवरून, म्हणजे आपल्या चतुरंगावरून आलाय. तिथेही शाद्रेशचा दुसरा अर्थ चौकडीचं कापड असाच आहे, आणि बोलीत त्याचा अर्थ तुरुंग. गजांच्या चौकड्या आठवल्या की तो अर्थ कुठून आला ते सांगावं लागत नाही.

‘चेकमेट’मधला ‘मेट’ म्हणजे आपलीच ‘मात’. ‘शाह मात’चा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास सांगितला जातो, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’. पण खेळाच्या नियमांशी हे जुळत नाही. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही; तो कोंडला जातो आणि डाव तिथे संपतो. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, हक्काबक्का, पुढे काय करावं ते न सुचणारा. ‘राजा निरुपाय झाला’ हाच अर्थ पटावरच्या स्थितीला चपखल बसतो, आणि बहुतेक अभ्यासकांचा कलही तिकडेच आहे.

पहिला फाटा: अडवणं

शह बसला की खेळाडूकडे तीनच वाटा उरतात: राजा हलवायचा, शह देणारं मोहरं मारायचं किंवा मध्ये काहीतरी घालायचं. बाकी सगळे बेत जागच्या जागी थांबतात. वजीर मारायची संधी समोर असली तरी आधी शह सोडवावा लागतो. या सक्तीच्या थांबण्यातूनच मध्ययुगीन इंग्रजीत ‘चेक’ला अचानक बसलेली खीळ, अटकाव हा अर्थ आला. ससाण्याने शिकार करणाऱ्यांनीही तो वापरला: ठरलेलं सावज सोडून ससाणा मध्येच आलेल्या भलत्या पाखरामागे गेला की ते ‘चेक’.

शहरी बोलण्यात हा अर्थ मागे पडलाय, पण कारागिरांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडी तो ठणठणीत आहे.

चेकडॅम घ्या. त्याचं काम पाणी ‘तपासणं’ नाही. ओढ्याच्या वाहत्या पाण्याला शह देणं, त्याचा वेग मोडणं हे त्याचं काम. वेग मोडला की पाणी जमिनीत मुरायला वेळ मिळतो आणि खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी वाढते. पण वेग मोडला की पाण्यातली मातीही तिथेच बसते, म्हणून गाळ न काढलेला चेकडॅम काही पावसाळ्यांत नुसती पायरी होऊन बसतो. दुसरी चूक पायाशी होते. भिंतीवरून पडणारं पाणी जिथे आदळतं तिथे दगडी किंवा काँक्रीटची फरसबंदी नसेल तर ते खालची माती उकरतं, पाया उघडा पडतो आणि धडधाकट दिसणारी भिंत एका पुरात कलंडते.

चेकनट म्हणजे नटाला अडवणारा नट. हादऱ्याने नट सैल होऊ नये म्हणून त्याला दुसरा नट भिडवतात. दोघे एकमेकांवर दाबले गेले की मधल्या आट्यांत ताण राहतो आणि कुणीच फिरत नाही. यात नेहमी होणारी चूक अशी की जाड नट आधी बसवतात आणि पातळ नट वर. खरं तर पातळ नट खाली हवा. दोन्ही नट एकमेकांवर आवळले की बोल्टचा मुख्य भार वरचा नट घेतो, आणि पातळ नटाला आटेच कमी असल्याने तो त्या भाराला पुरत नाही. म्हणून आधी पातळ नट बेताने आवळायचा, मग जाड नट, आणि तो आवळताना खालचा पातळ नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा. धरला नाही तर दोन्ही नट एकत्रच फिरतात आणि शह बसतच नाही.

पंपाच्या पाइपातला चेक व्हॉल्व्ह उलट येणाऱ्या पाण्याला अडवतो. त्याच्या अंगावरचा बाण पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने नसेल तर मोटर नुसती घुमत राहते. रेल्वेच्या तीव्र वळणांवर आणि फाटकांपाशी मुख्य रुळाच्या आतल्या बाजूने जोडरूळ दिसतो, तो चेक रेल. चाकाची आतली कड भलतीकडे सरकू नये म्हणून तो असतो. आणि अमेरिकेच्या राज्यघटनेची चर्चा निघाली की हमखास येणारे ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणजे संसद, अध्यक्ष आणि न्यायालय यांनी एकमेकांना द्यायचे शह. राजकारणाच्या बातम्यांतलं आपलं शह-काटशह तसं फार दूरचं नाही.

अडवण्यापासून पडताळण्यापर्यंत

‘चेक करणे’ म्हणजे तपासणे हा आज सगळ्यात जास्त वापरला जाणारा अर्थ, पण घरात तो बराच उशिरा आला. अटकावातून आधी ‘अंकुश’ हा अर्थ निघाला: नोकराने पैसे खाऊ नयेत म्हणून त्याच्यावर ठेवलेला चेक. मग प्रश्न आला, अंकुश ठेवायचा कसा? एका नोंदीला दुसरी नोंद लावून बघायची. 17व्या शतकात ‘चेक’ हा शब्द या लावून बघण्यासाठी रुळला.

हे लक्षात ठेवलं तर चेक करणे आणि नुसतं पाहणे यांतला फरक स्पष्ट होतो. चेक करायला दोन गोष्टी लागतात: समोरची आणि जिच्याशी ती जुळवायची ती. तिकीट चेकर तिकिटाकडे बघतो तेव्हा तारीख, गाडी आणि माणूस जुळवतो. गणितात याला मराठीत फार नेटका शब्द आहे, ताळा. गुणाकाराचा ताळा करणं म्हणजे दुसऱ्या वाटेने तेच उत्तर येतं का ते बघणं. पडताळणीतला ‘ताळ’ही तोच.

जुळवणीसाठी जी खूण दिली जाते तिलाही इंग्रजीत चेक म्हणायला लागले. थिएटरात कोट ठेवला की मिळणारा बिल्ला, रेल्वेत सामान टाकलं की मिळणारी चिठ्ठी. अमेरिकेत तर हॉटेलच्या बिलालाच ‘चेक’ म्हणतात. पावसाने बेसबॉलचा सामना रद्द झाला की पुढच्या सामन्याला चालणारं अर्धं तिकीट द्यायची पद्धत तिथे 19व्या शतकात निघाली, त्याला म्हणायचे रेन चेक. आज एखादा अमेरिकन सहकारी जेवणाच्या आमंत्रणाला ‘रेन चेक घेतो’ म्हणाला तर तो पावसाबद्दल बोलत नसतो. आज जमत नाही, पुढे कधीतरी नक्की, एवढंच त्याचं म्हणणं.

दुसरा फाटा: पट आणि खजिना

आता शह सोडून पटाकडे वळू, कारण बँकेतला चेक समजायला पट लागतो. स्काकुसवरून लॅटिनमध्ये बुद्धिबळाच्या पटाला स्काकारियुम म्हणत. त्याचं फ्रेंच एस्चेकिए आणि इंग्रजी एक्स्चेकर. यातला ‘एक्स’ चुकून शिरलाय. सुरुवातीचा ‘एस’ हा लॅटिनच्या ‘एक्स’चा अपभ्रंश असावा असं समजून पंडितांनी तो सुधारला, आणि मुळात नसलेलं अक्षर कायमचं चिकटलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणतात, म्हणजे शब्दशः पटाचा चॅन्सेलर.

पट कशाला? राजा पहिल्या हेन्रीच्या काळात, 12व्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्लंडच्या खजिन्याचे हिशेब एका मोठ्या टेबलावर होऊ लागले. खजिनदार रिचर्ड फिट्झनीलने 1170 नंतरच्या दशकात या कचेरीची सगळी कामकाजपद्धत लिहून ठेवली आहे, त्यामुळे तपशील पक्के मिळतात. टेबल 10 फूट लांब, 5 फूट रुंद, कडेला चार बोटं उंचीची किनार, म्हणजे सोंगट्या खाली पडायला नकोत. त्यावर काळं कापड आणि कापडावर रेघा. परगण्यांचे शेरीफ वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकेलमसला (सप्टेंबरअखेरच्या सणाला), वसुली घेऊन यायचे. समोर खजिनदार, इकडे शेरीफ, मध्ये पट. फिट्झनील स्वतःच म्हणतो की बुद्धिबळात दोन राजे लढतात तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची झुंज असते.

कापडाची खरी गरज वेगळीच होती. हिशेब लिहिले जायचे रोमन आकड्यांत, आणि त्या आकड्यांत शून्य नाही, स्थानिक किंमत नाही. त्यांची वजाबाकी कागदावर मांडून करणं जवळपास अशक्य. त्यात नाणी अशी: 12 पेन्सचा 1 शिलिंग, 20 शिलिंगांचा 1 पाउंड. म्हणून रेघांनी रकाने पाडले. उजवीकडून पहिला पेन्सचा, दुसरा शिलिंगांचा, तिसरा पाउंडांचा, चौथा विसांचा, पाचवा शेकड्यांचा, सहावा हजारांचा. ज्या रकान्यात सोंगटी ठेवाल ती तिची किंमत.

उदाहरण करून बघू. समजा एका शेरीफने भरायचे आहेत 286 पाउंड 13 शिलिंग 4 पेन्स. वरच्या ओळीत शेकड्यांत 2 सोंगट्या, विसांत 4 (म्हणजे 80), पाउंडांत 6, शिलिंगांत 13, पेन्समध्ये 4. त्याने आणलेत 240 पाउंड 10 शिलिंग 6 पेन्स. खालच्या ओळीत शेकड्यांत 2, विसांत 2, पाउंडांत काही नाही, शिलिंगांत 10, पेन्समध्ये 6. आता वरून खालच्याइतक्या सोंगट्या उचलत जायचं. पेन्समध्ये 4 मधून 6 जात नाहीत, म्हणून शिलिंगांतली 1 सोंगटी काढून पेन्समध्ये 12 ठेवायच्या: 16 मधून 6 गेले, उरले 10. शिलिंगांत 12 मधून 10 गेले, उरले 2. पाउंडांत 6 तशाच. विसांत 4 मधून 2 गेल्या, उरल्या 2. शेकडे संपले. बाकी 46 पाउंड 2 शिलिंग 10 पेन्स. एकही आकडा न लिहिता, अक्षरशत्रू शेरीफलाही डोळ्यांनी दिसेल असा हिशेब. हातचा घेणं म्हणजे काय, हे शाळेत अशा सोंगट्यांनी शिकवलं तर पुष्कळ पोरांची सुटका होईल.

पैसे भरल्याची पावती म्हणजे लाकडाची काठी, बहुधा हेझेलच्या झाडाची, तर्जनीच्या टोकापासून ताणलेल्या अंगठ्याच्या टोकापर्यंत लांब. तिच्यावर रकमेच्या खाचा: हजार पाउंडांना तळव्याच्या जाडीइतकी, शंभराला अंगठ्याइतकी, विसाला करंगळीइतकी, एका पाउंडाला पिकलेल्या जवाच्या दाण्याइतकी. पेनीला नुसता चिरा, लाकूड काढायचं नाही. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. मोठा तुकडा पैसे भरणाऱ्याकडे, लहान तुकडा, ज्याला फॉइल म्हणत, तो खजिन्यात. वाद झाला की दोन्ही तुकडे एकमेकांना लावायचे. कुणी आपल्या तुकड्यावर एक जादा खाच पाडली तर दुसऱ्या तुकड्यावर ती नसते, आणि लाकडाच्या रेषा तर नकली करताच येत नाहीत.

ही पद्धत 19व्या शतकापर्यंत टिकली. रद्द झाल्यावर साठलेल्या काठ्यांचं करायचं काय, म्हणून 16 ऑक्टोबर 1834 रोजी त्या हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या भट्ट्यांत घातल्या. धुराडी तापली, आग लागली आणि वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा जवळजवळ सगळा जळाला. लंडनमध्ये आज दिसणारी संसदेची इमारत त्यानंतरची.

बँकेतला चेक

‘माझ्या खात्यातून अमक्याला इतके द्या’ अशी चिठ्ठी इंग्लंडमध्ये 17व्या शतकापासून आढळते. 1659 सालची 400 पाउंडांची हाताने लिहिलेली एक चिठ्ठी प्रसिद्ध आहे. पण तिला तेव्हा चेक म्हणत नसत. 18व्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणायचे ते खजिन्याच्या किंवा बँकेच्या कागदाच्या मागे ठेवून घेतलेल्या अर्ध्या भागाला, आपण ज्याला स्थळप्रत किंवा काउंटरफॉइल म्हणतो त्याला. पडताळणीचा तो तुकडा, म्हणून चेक. बँका नक्षीदार छापील कागद देऊ लागल्या, तो वेड्यावाकड्या रेषेत फाडला जायचा आणि परत आला की मागच्या अर्ध्याला लावून बघितला जायचा. हळूहळू मागे राहणाऱ्या तुकड्याचं नाव पुढे जाणाऱ्या तुकड्याला चिकटलं. काठीचा फॉइल काउंटरफॉइलमध्ये आला आणि पडताळणीचा चेक पैशाच्या चिठ्ठीवर जाऊन बसला.

स्पेलिंगमधला ‘क्यू’ 19व्या शतकात ब्रिटनमध्ये रुळला, एक्स्चेकरच्या वळणावर. अमेरिकेने जुनं ‘सी-के’वालं स्पेलिंग ठेवलं. फ्रेंचांनी हा शब्द इंग्रजांकडून शेक म्हणून परत घेतला. आपलाच एस्चेक वेशांतर करून आलाय हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे.

भारतात चेकला 1881चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा लागू होतो, आणि आजच्या चेकवर शहाचे दोन्ही अर्थ, अडवणं आणि पडताळणं, जागोजागी दिसतात. डाव्या कोपऱ्यातल्या दोन समांतर रेघा म्हणजे क्रॉसिंग, ती रोख देणं अडवते. रक्कम खात्यातच जमा करावी लागते. रेघांत ‘अकाउंट पेयी’ लिहिलं की ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. ‘ऑर बेअरर’ खोडायला विसरू नका. रक्कम लिहिताना डावीकडून लगेच सुरुवात करायची आणि उरलेल्या जागेत आडवी रेघ ओढायची, नाहीतर ‘हजार’च्या आधी कुणीही ‘नव्वद’ लिहू शकतो. अक्षरी आणि आकडी रक्कम जुळली नाही तर कायद्याच्या 18व्या कलमाप्रमाणे अक्षरी रक्कम धरली जाते, पण व्यवहारात बँका असा चेक बहुधा परतच करतात.

खालच्या पांढऱ्या पट्टीतले आकडे चुंबकीय शाईचे. आधी 6 आकडी चेक क्रमांक, मग 9 आकडे: पहिले तीन शहराचे (मुंबई 400, पुणे 411), पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. या पट्टीवर सही किंवा शिक्का गेला तर यंत्राला वाचता येत नाही आणि चेक बाजूला पडतो. आता कागद फिरत नाही, त्याची प्रतिमा फिरते, म्हणून खाडाखोड चालत नाही. तारखेची दुरुस्ती सोडली तर नवा चेक लिहावा लागतो. चेकची फोटोकॉपी काढली की त्यावर एरवी न दिसणारी ‘व्हॉइड’ किंवा ‘कॉपी’ अशी अक्षरं उमटतात, तीही पडताळणीचीच सोय. 1 जानेवारी 2021पासून 50,000 रुपये आणि त्यावरच्या चेकांसाठी पॉझिटिव्ह पे आहे: चेकचा क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम तुम्ही बँकेला आधी कळवायची, आणि चेक आला की बँक जुळवून बघते. काठीच्या दोन तुकड्यांचंच हे काम, फक्त दुसरा तुकडा आता बँकेच्या अ‍ॅपमध्ये असतो.

चेकची मुदत तारखेपासून 3 महिने. 1 एप्रिल 2012पूर्वी ती 6 महिने होती. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक वटला नाही तर 138व्या कलमाखाली तक्रार करता येते, पण मुदती काटेकोर आहेत. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला 15 दिवस, आणि तरी पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. पुष्कळ प्रकरणं पहिल्याच पायरीवर लंगडी पडतात, कारण ‘देतो, देतो’ ऐकण्यात नोटिशीचे 30 दिवस निघून जातात. भेट किंवा देणगी म्हणून दिलेल्या चेकला हे कलम लागू नाही. मागे कायदेशीर देणं असावं लागतं.

चौकडी

पटावरून आलेला तिसरा अर्थ डोळ्यांना दिसणारा. चेक्सचा शर्ट, शर्यत संपल्यावर हलवतात तो काळा-पांढरा झेंडा, जिन्यावरची पकड देणारी चेकर्ड प्लेट, अंगणातल्या चेकर्ड टाइल्स. कापडातली चौकडी बहुधा छापलेली नसते, विणलेली असते: ताण्यात रंगीत दोरे ज्या क्रमाने लावले त्याच क्रमाने बाण्यात टाकले की चौकोन आपोआप पडतात. निळा आणि पांढरा असे दोनच रंग घेतले तरी कापडात तीन छटा दिसतात. निळ्यावर निळा गेला तिथे गडद, पांढऱ्यावर पांढरा तिथे कोरा, आणि दोन्ही भेटले तिथे फिका निळा. घेताना कापड उलटून बघा. विणलेली चौकडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, छापलेली मागून पुसट असते. शिवणाऱ्याला चेक्सचं कापड जास्त लागतं, कारण बाजूच्या शिवणीवर आणि खिशावर चौकोन जुळवावे लागतात.

नात्यातले आणि तोतये

मराठी माणसाला सगळ्यात आधी सुचतं ते ‘चेक म्हणजे चौकडीच असणार’. आवाज जुळतो, अर्थ जुळतो, तरी नातं नाही. चौकडी ‘चतुष्क’वरून आली, चेक शाहवरून. आवाज आणि अर्थ जुळणं ही व्युत्पत्तीची निव्वळ सुरुवात. मधल्या प्रत्येक टप्प्याचा लेखी पुरावा दाखवता आला पाहिजे. चेक प्रजासत्ताकाचा चेक तर एका स्लाव्ह जमातीच्या नावावरून आलाय, देवनागरीत योगायोगाने सारखा दिसतो. शेखही वेगळा: अरबी शैख म्हणजे वडीलधारा.

जास्त विचार करायला लावणारा दावा ‘सक्क’चा आहे. मध्ययुगीन अरब व्यापारी पैसे देण्याची लेखी चिठ्ठी वापरत, तिला सक्क म्हणत, आणि बँकेचा चेक तिच्यावरूनच आला असं पुष्कळ ठिकाणी छातीठोकपणे लिहिलेलं असतं. अरबांची सक्क खरी, ती इंग्लंडच्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी जुनी हेही खरं. आपली हुंडीही तशीच जुनी. पण इंग्रजी शब्दाची साखळी कागदोपत्री सापडते ती स्थळप्रतीपाशी, आणि सुरुवातीला त्या शब्दाचा अर्थ ‘पैशाची चिठ्ठी’ असा नव्हताच. सक्कवरून शब्द आला असता तर पहिल्या दिवसापासून तो चिठ्ठीलाच वापरलेला दिसायला हवा होता. कल्पना अरबांची असू शकते, शब्द मात्र बुद्धिबळाचा.

इंग्रजीत लिहिताना अडायला होतं ते स्पेलिंगपाशी. भारतात ब्रिटिश रीत चालते, म्हणून बँकेचा चेक, चेकबुक आणि ब्लँक चेक ‘क्यू’ने लिहायचे, चौकडीच्या अर्थाचा चेकर्डही ‘क्यू’ने. पण शर्टावरचे चेक्स, चेकलिस्ट, चेकअप, चेकडॅम, चेक-इन आणि चेकमेट ‘सी-के’ने. अमेरिकेतल्या कंपनीशी पत्रव्यवहार असेल तर सगळंच ‘सी-के’ने, आणि तिथल्या हॉटेलात वेटरकडे ‘चेक’ मागितला तर तो बिल आणून देईल.